पाप पदरी घेणे आणि क्षमेचा आनंद: बत्तिसाव्या स्तोत्राच्या वाटेने

बायबलमधल्या बत्तिसाव्या स्तोत्रात दावीद राजा आपल्या गप्प राहण्याचे दिवस सांगतो. पाप झाले होते, त्याला ते ठाऊक होते, आणि तो बोलत नव्हता. त्या काळात त्याची हाडे झिजली, दिवसभर कण्हणे चालू राहिले, रात्रंदिवस देवाचा हात अंगावर जड झाला, उन्हाळ्याने सुकावा तसा जीवनरस आटला. मग पाचव्या वचनात सगळे पालटते. मी कबूल केले, तू क्षमा केलीस. या दोहोंच्या मध्ये काहीही नाही. अकरा वचनांचे हे स्तोत्र संपते तेव्हा हाच माणूस दुसऱ्यांना आनंदाचा गजर करायला सांगत असतो.

आपल्या मंडळ्यांत दर रविवारी पापांगीकार होतो. विचाराने, शब्दाने, कृतीने पाप केले आहे असे सगळे मिळून म्हणतात. तरी कितीतरी प्रामाणिक माणसे उपासनेहून तेच ओझे घेऊन घरी परततात. वर्षानुवर्षे तेच पाप, तीच प्रार्थना, तेच जड मन. माझ्या मते याला बहुतेक वेळा दोन कारणे असतात. आपण पापाचे नाव घेत नाही. आणि क्षमा मागतो खरी, पण मिळालेली क्षमा घेत नाही. पहिल्या कारणावर प्रवचने पुष्कळ होतात. दुसऱ्यावर फार कमी, आणि आनंद बहुधा तिथेच अडतो. पुढे ज्या पायऱ्या दिल्या आहेत त्या या दोन्ही गाठी सोडवण्यासाठी आहेत. एकदा वाचून घ्या, मग वेळ काढून प्रत्यक्ष करा.

कोणाकडे जात आहात ते आधी पाहा

स्तोत्राची सुरुवात पापाने होत नाही. ज्याच्या अपराधाची क्षमा झाली तो धन्य, हे पहिले वचन आहे. दावीद आधी घराचा दरवाजा उघडा असल्याचे सांगतो आणि मग आपली कहाणी सांगतो. तुम्हीही याच क्रमाने जा. प्रार्थनेला बसताच पापांची उजळणी सुरू केली की मन न्यायाधीशासमोर उभे राहते, आणि न्यायाधीशासमोर माणूस स्वतःची वकिली करतो.

म्हणून पहिली दहा मिनिटे फक्त वाचा. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या दाखल्यात घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येत असता, तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिले आणि धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडला. मुलाने पाठ केलेली क्षमायाचना पूर्ण होण्याआधीच चांगला झगा आणायचा हुकूम सुटला होता. मग 1 योहान 1:9 वाचा: आपण आपली पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव विश्वसनीय व न्यायी आहे, म्हणून तो क्षमा करील. इथे ‘दयाळू’ असा शब्द आला असता तरी आपल्याला चालला असता. योहान ‘न्यायी’ म्हणतो. ख्रिस्ताने वधस्तंभावर किंमत भरली आहे, म्हणून तुम्हाला क्षमा करणे हे देवाच्या न्यायाला धरून आहे. त्या दिवशी देवाची मर्जी कशी आहे, तुमचे अश्रू पुरेसे आहेत की नाहीत, यावर ती अवलंबून नाही. हे मनात पक्के बसल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढची पायरी कठीण आहे आणि सुरक्षित वाटल्याशिवाय माणूस खरे बोलत नाही.

शोध घेऊ द्या

अर्धा-पाऊण तास मिळेल अशी वेळ निवडा. घरात जागा नसेल तर गच्ची, बागेतला बाक किंवा दुपारी रिकामे असलेले चर्च. फोन बंद. सोबत वही-पेन. स्तोत्र 139 ची शेवटची दोन वचने प्रार्थना म्हणून म्हणा: देवा, माझे हृदय पारख, माझ्या ठायी दुष्टपणाचा काही मार्ग आहे का ते पाहा. मग शांत बसा आणि मनात येईल ते लिहा. शोधणारा देव आहे. तुम्ही मन उकरत बसू नका. दोनच गोष्टी समोर आल्या तर त्या दोनच पुरेत.

लिहून झाल्यावर यादीतल्या काही गोष्टी खोडाव्या लागतात. मोह झाला पण त्याला तुम्ही थारा दिला नाही, तर ते पाप नव्हे. थकवा, आजारपण, नैराश्य, प्रार्थनेत झोप लागणे यांची कबुली द्यायची नसते, देवाजवळ ते नुसते सांगायचे असते. आणि एक गोष्ट फार काळजीने सांगतो. लहानपणी किंवा नंतर कोणी तुमच्यावर अत्याचार केला असेल, घरात मारहाण सोसावी लागली असेल, तर त्याची लाज तुमच्या अंगाला चिकटलेली असू शकते. पाप मात्र करणाऱ्याचे आहे. ते तुमच्या यादीत नको. ‘तुझेच काही चुकले असेल, पश्चात्ताप कर’ असे कोणी म्हटले असेल तर ते ऐकू नका. अशा जखमेसाठी विश्वासातले माणूस आणि गरज असेल तर समुपदेशक गाठा.

नाव घ्या

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या.

दावीदाची हकिकत 2 शमुवेलच्या अकराव्या आणि बाराव्या अध्यायांत आहे. सैन्य राब्बाला वेढा घालून बसले होते आणि राजा यरुशलेमेत होता. त्याने आपल्या सैन्यातल्या उरीया हित्तीच्या बायकोला, बथशेबाला, स्नान करताना पाहिले आणि बोलावून घेतले. ती गरोदर राहिली तेव्हा उरीयाला रणांगणावरून घरी आणवले, म्हणजे मूल त्याचेच वाटावे. तो इमानी माणूस घरी गेलाच नाही. शेवटी दावीदाने सेनापती यवाबाला पत्र लिहिले, उरीयाला तुंबळ लढाईत पुढे ठेवून मागे हटा, आणि ते पत्र उरीयाच्याच हाती दिले. उरीया मेला. बथशेबा राजवाड्यात आली, तिला मुलगा झाला. म्हणजे निदान नऊ महिने राजा दरबार भरवत होता, निवाडे देत होता आणि गप्प होता.

नाथान संदेष्टा आला आणि त्याने एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. श्रीमंताने ती हिसकावून पाहुण्यासाठी कापली हे ऐकून दावीद संतापला: तो माणूस मरणदंडाला योग्य आहे, त्याने चौपट भरपाई केली पाहिजे. दुसऱ्याच्या बाबतीत त्याला पापाचे नाव लगेच सापडले. मग नाथान म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. दावीदाचे उत्तर छोटे आहे: मी परमेश्वराविरुद्ध पाप केले आहे. बथशेबा तिथे स्नान का करत होती, राजाला ताण किती असतो, हे काही नाही.

याच्या शेजारी शौल राजाला ठेवा. 1 शमुवेलच्या पंधराव्या अध्यायात तोही ‘मी पाप केले आहे’ असेच म्हणतो. पण त्याआधी लोकांवर ढकलतो, देवाने मना केलेली लूट यज्ञासाठीच आणली असे सांगतो, आणि कबुलीनंतर लगेच शमुवेलाला विनवतो की लोकांच्या वडीलमंडळींसमोर माझा मान राख. शब्द तेच, पण त्याची नजर माणसांकडे होती. एदेन बागेतल्या आदामानेही हेच केले होते: तू दिलेल्या स्त्रीने मला फळ दिले. एका वाक्यात बायकोवर आणि देवावरही दोष.

तेव्हा वहीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी चार प्रश्नांची उत्तरे लिहा. मी नेमके काय केले? कोणाचे नुकसान झाले? त्यातून मला काय मिळत होते? ते झाकायला मी काय केले? चौथा प्रश्न टाळू नका. दावीदाचा खून हा झाकण्याच्या खटाटोपातून आलेला होता, आणि आपलीही बरीच पापे पहिल्या पापावर पांघरूण घालताना घडतात.

‘प्रभू, पैशाच्या बाबतीत मी कमी पडलो, क्षमा कर’ ही कबुली धूसर आहे. ती अशी व्हायला हवी: ‘प्रभू, आईच्या औषधांसाठी भावाने पाठवलेल्या पैशांतले चार हजार मी स्वतःसाठी वापरले. त्याला खोटा हिशेब सांगितला. आईला स्वस्तातल्या गोळ्या आणल्या. त्याच्यापेक्षा मी जास्त करतो, म्हणून माझा त्यावर हक्क आहे असे मी मनाशी म्हणत आलो.’ वाचतानाच अंग आखडते. पण क्षमा याच पापाची हवी आहे, धूसर पापाची नव्हे.

आपल्याकडे काही पापांना सभ्य नावे मिळाली आहेत. भावकीतल्या जमिनीच्या सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव गोड बोलून कमी करून घेणे याला आपण ‘हक्कसोड’ म्हणतो. सुनेला वर्षानुवर्षे टोमणे मारणे ‘माझा स्वभावच स्पष्ट आहे’ या वाक्याखाली जाते. मंडळीतल्या एखाद्याची निंदा ‘प्रार्थनेसाठी सांगते’ म्हणून व्हॉट्सॲपवर फिरते. रात्री फोनवर जे पाहिले जाते त्याला ‘टाइमपास’. ही नावे देवासमोर पुसून टाका आणि जे आहे ते म्हणा: लुबाडणूक, क्रूरपणा, चहाडी, वासना. वाक्यात ‘पण’ आला तर तिथे थांबा आणि वाक्य ‘पण’च्या आधी संपवा. समोरच्याचीही चूक असेल, असतेच. तिचा हिशेब या प्रार्थनेत नाही.

मोठ्याने बोला

लिहिलेले आता देवाला तोंडाने सांगा, कुजबुजत का होईना. मनातल्या मनात म्हटलेली वाक्ये सोयीची होऊन जातात. स्वतःच्या कानांवर पडलेले शब्द टाळता येत नाहीत. बोलून झाले की मागणेही नीट मागा. एक्कावन्नाव्या स्तोत्रात, जे नाथानाच्या त्या भेटीशी जोडलेले आहे, दावीद क्षमेवर थांबत नाही. मला धू, माझ्या ठायी शुद्ध हृदय निर्माण कर, तुझा पवित्र आत्मा काढून घेऊ नकोस, तुझ्या उद्धाराचा हर्ष मला परत दे. आनंद मागायला तो लाजत नाही. इतके मोठे पाप केल्यावर आनंद मागणे उद्धटपणाचे वाटते, तरी शास्त्रात ती प्रार्थना आहे, म्हणजे आपल्यालाही ती करायची मुभा आहे.

क्षमा घ्या

दावीदाने एक वाक्य उच्चारले आणि नाथानाने तिथल्या तिथे सांगितले: परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. महिनाभर उपास कर, मग पाहू, असे तो म्हणाला नाही.

अनेकांची गाडी इथे थांबते. कबुली मनापासून झालेली असते, पण ती व्यक्ती उठते आणि स्वतःला शिक्षा द्यायला लागते: काही दिवस उदास राहायचे, प्रभुभोजन घ्यायचे नाही, गाण्यात भाग घ्यायचा नाही, हसायचे नाही. यामागे एक न बोललेला विश्वास असतो की ख्रिस्ताने भरलेल्या किमतीत आपली थोडी भर पडली पाहिजे. ही नम्रता दिसते, पण तिने वधस्तंभाचे काम अपुरे ठरते. ज्याने ‘पूर्ण झाले आहे’ म्हटले त्याच्या शब्दावर शिल्लक काढू नका.

पश्चात्तापाचे दोन प्रकार पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत. देवाच्या इच्छेनुसार होणारे दुःख तारणाकडे नेते; जगाचे दुःख मरणाकडे. एकाच रात्री दोन शिष्यांनी प्रभूला दगा दिला. यहूदाला पस्तावा झाला, त्याने चांदीची तीस नाणी परत टाकली, मी निर्दोष रक्त धरून दिले हेही म्हणाला. पण तो येशूकडे गेला नाही. एकटा गेला आणि संपला. येशूला तीनदा नाकारलेला पेत्र मोठमोठ्याने रडला, आणि नंतर तिबिर्य समुद्राच्या काठी प्रभू दिसताच मचव्यातून पाण्यात उडी टाकून त्याच्याकडे निघाला. येशूने त्याला तीनदा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस का, आणि तिन्ही वेळा काम सोपवले. दुःख दोघांनाही होते. एकाचे पाय येशूकडे वळले.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. वहीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे 1 योहान 1:9 लिहा. मग प्रत्येकीसाठी मोठ्याने म्हणा: ‘प्रभू, या पापाची क्षमा तू केली आहेस. मी ती घेतो. तुझे उपकार मानतो.’ उपकार मानणे वगळू नका. न घेतलेल्या वस्तूचे आभार कोणी मानत नाही. मीखाच्या सातव्या अध्यायात देव पापे समुद्राच्या तळाशी टाकतो. वहीतली ती पाने मग फाडून टाका किंवा जाळा. मात्र भरपाई कोणाची करायची त्यांची नावे वेगळ्या कागदावर काढून ठेवा.

हे करून काही वाटले नाही तर घाबरू नका. वचन आधी, भावना मागून. काहींना त्याच क्षणी हलके वाटते, काहींना आठवड्यांनी. दुसऱ्या दिवशी तेच पाप पुन्हा डोळ्यांसमोर आले तर त्याची नव्याने कबुली देऊ नका. झालेल्या क्षमेबद्दल पुन्हा उपकार माना.

ज्यांची सदसद्विवेकबुद्धी अति हळवी आहे त्यांच्यासाठी धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचे उदाहरण मोलाचे आहे. एर्फुर्टच्या मठात असताना तो कबुलीसाठी तासन् तास बसे, बाहेर पडताच राहून गेलेले काही आठवे आणि परत फिरे. त्याचा गुरू श्टाउपिट्झ त्याला पुन्हा पुन्हा ख्रिस्ताच्या जखमांकडे पाहायला सांगे. तुमचेही असे होत असेल, एकाच गोष्टीची कबुली दिवसातून अनेकदा द्यावीशी वाटत असेल, तर कबुलीची वेळ ठरवा, आठवड्यातून एकदा, आणि बाकी वेळी नको. ती घालमेल आवरत नसेल तर डॉक्टरांनाही दाखवा. काहींच्या बाबतीत हा आजाराचा भाग असतो आणि त्यावर उपचार आहेत.

माणसांकडे जा

देवाने क्षमा केली म्हणून माणसाचे देणे फिटत नाही. लेवीयच्या सहाव्या अध्यायात फसवून घेतलेली वस्तू पूर्ण परत करायची, वर पाचवा हिस्सा द्यायचा आणि ज्या दिवशी दोषार्पण करायचे त्याच दिवशी हे द्यायचे असा नियम आहे. जकातदार जक्कय तर येशू घरी आल्याच्या आनंदात उभा राहून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि लुबाडले असेल त्याला चौपट. क्रम पाहा: आधी येशू त्याच्या घरी आला, मग तिजोरी उघडली.

आपल्या मातीतही हे घडले आहे. दौंडजवळच्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 च्या जूनअखेरीस मुली आणि स्त्रिया प्रार्थना करताना रडू लागल्या, आपापली पापे उघडपणे सांगू लागल्या. वर्गांतले नेहमीचे काम काही काळ बाजूला राहिले. त्या रडण्यामागून स्तुती आणि गाणी आली, आणि पुढे मुलींची पथके आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेली. दुष्काळातून आणि वैधव्याच्या छळातून आलेल्या त्या मुली होत्या. त्यांच्या कबुलीचा शेवट हर्षात झाला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

माणसाशी बोलताना वाक्ये छोटी ठेवा. ‘ताई, वाटणीच्या वेळी मी तुला खरी किंमत सांगितली नाही. ते चुकीचे होते. तुझा हिस्सा मी द्यायला तयार आहे. मला क्षमा करशील का?’ एवढे बोलून थांबा. ‘तुला वाईट वाटले असेल तर’ असे म्हणू नका. ती रागावेल, रडेल, वेळ मागेल. तिला तो हक्क आहे. तिने क्षमा केली नाही तरी देवाची क्षमा कमी होत नाही. पैसे एकदम देता येत नसतील तर हप्ते ठरवून लिहून द्या.

मन मोकळे करण्याच्या नादात दुसऱ्याला जखमी करू नका. ज्याला माहीतच नाही त्याला ‘मी मनात तुझा हेवा करत होतो’ हे सांगून काही साधत नाही. ते देवाजवळ ठेवा. पापाचा परीघ जेवढा, तेवढाच कबुलीचा. विवाहातल्या बेइमानीसारख्या गोष्टी सांगण्याआधी प्रौढ पाळकाचा सल्ला घ्या. आणि गुन्हा घडला असेल, विशेषतः लहान मुलाला इजा झाली असेल, तर पाळकाजवळ कबुली दिली म्हणून पोलीस आणि कायदा यांतून सुटका नाही. खरा पश्चात्ताप तिथेही चालत जातो. मंडळीच्या अब्रूखातर असे प्रकरण दाबणे हे नवे पाप आहे.

एका माणसाजवळ बोला

याकोब 5:16 सांगते की एकमेकांजवळ आपली पातके कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. वसई-मुंबईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक बंधुभगिनींना यासाठी प्रायश्चित्त संस्कार आहे; फादरला तिथे ऐकलेले कोणालाही सांगता येत नाही, आणि ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ हे शब्द कानांनी ऐकायला मिळतात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकासमोर कबुली सक्तीची नाही, म्हणून आपण ती करतच नाही. हे नुकसान आहे. ज्याच्या पोटात गोष्ट राहते, जो धक्का बसल्याचे दाखवणार नाही आणि पाप हलकेही करणार नाही, असे एक माणूस शोधा. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री हे बरे. त्याने ऐकून झाल्यावर सल्ला न देता 1 योहान 1:9 तुमचे नाव घालून मोठ्याने वाचावे, असे आधीच सांगून ठेवा.

पंगतीला बसा

लूकच्या त्या अध्यायात बापाने मुलाला आधी नोकरांत ठेवून पारखले नाही. पुष्ट वासरू कापले, गाणे-बजावणे सुरू झाले. मुलाला त्या रात्री एकच काम होते, जेवायला बसणे. थोरल्या भावाला तेच जमले नाही. तो बाहेर हिशेब करत राहिला. आपल्यातला थोरला भाऊ आपल्याच विरुद्ध हिशेब मांडतो, आणि त्याचे ऐकून आपण अंगणात उभे राहतो. आत जा. कबुलीच्या दिवशी घरात काही गोड करा. बत्तिसावे स्तोत्र उभे राहून मोठ्याने वाचा. आवडते भजन पूर्ण म्हणा. येत्या रविवारी प्रभुभोजन असेल तर ते टाळू नका. ते पापक्षमेसाठी ओतलेल्या रक्ताचे भोजन आहे.

परिणाम राहू शकतात, हे मात्र लपवत नाही. दावीदाला क्षमा झाली तरी ते मूल गेले, आणि घरात कलह वाढत राहिला. मूल गेल्याचे कळताच तो उठला, आंघोळ केली, परमेश्वराच्या मंदिरात जाऊन नमन केले आणि घरी येऊन जेवला. नंतर शलमोन झाला तेव्हा देवाने नाथानाकरवी त्या बाळाला यदीद्या, म्हणजे परमेश्वराला प्रिय, हे नाव दिले. ज्या संदेष्ट्याने ‘तो मनुष्य तूच’ म्हटले होते, तोच हा निरोप घेऊन त्याच घरी आला. तुमची नोकरी परत मिळणार नाही, मोडलेले लग्न कदाचित जुळणार नाही. ते देवाचा राग अजून शिल्लक असल्याचे लक्षण समजू नका.

पुन्हा तेच घडले तर

नीतिसूत्रे 28:13 मध्ये दया कोणावर होते? जो दोष कबूल करतो आणि सोडून देतो त्याच्यावर. सोडण्यासाठी व्यवस्था लागते. फोनवरचे पाप असेल तर रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. पैशाचे असेल तर हिशेब दुसऱ्या कोणालातरी दाखवत जा. दारूचे असेल तर एकट्याने झुंजू नका, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमससारख्या गटात जा. बत्तिसाव्या स्तोत्राचे नववे वचन याच ठिकाणी येते: लगामाशिवाय जवळ न येणाऱ्या घोड्यासारखे किंवा खेचरासारखे होऊ नका. त्याच्या आधीच्या वचनात देव मार्ग शिकवण्याचे, तुमच्यावर नजर ठेवून सल्ला देण्याचे आश्वासन देतो.

आणि पडलात तर त्याच दिवशी या. दावीदासारखे महिने घालवू नका. ‘आत्ताच तर क्षमा मागितली, आता कोणत्या तोंडाने जाऊ’ हा विचार येईल तेव्हा आठवा की बंधूने दिवसातून सात वेळा अपराध केला आणि सात वेळा परत येऊन ‘मला पस्तावा झाला आहे’ म्हटले तरी क्षमा करा, ही आज्ञा येशूने आपल्याला दिली आहे. जी क्षमा तो आपल्याकडून मागतो, ती तो स्वतः नाकारणार नाही. वही उघडा, चार प्रश्न लिहा, आणि पुन्हा पहिल्या वचनापासून सुरू करा.